पाचपैकी चार

शाळेत मला पाचपैकी चार मार्क कधी मिळाल्याचं आठवत नाही. ते मिळाले चोपन्नाव्या वर्षी, तेही रक्ताच्या रिपोर्टात.

सुरुवात पट्ट्यापासून झाली. पट्ट्याला नवं भोक पाडून घ्यायला मी नेहमीच्या मोच्याकडे गेलो. सहा वर्षांतलं हे चौथं भोक. त्याने पट्टा उलटा केला, सुलटा केला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मुनीमजी, पट्टा संपला. पुढचं भोक आता हवेतच पाडावं लागंल."

हा विनोद मी घरी येऊन सांगितला. सौ. हसली नाही. तिने दुसऱ्या दिवशी मला उपाशीपोटी रक्त द्यायला बसवलं आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे उभं केलं. डॉक्टरांनी बेंबीवरून टेप फिरवला. लहानपणी दिवाळीला शिंपी असाच टेप लावायचा, पण तो निदान "वाढत्या अंगाचा शिवू" असं प्रेमाने म्हणायचा. डॉक्टर नुसतंच म्हणाले, "एकशे एक."

"किलो?"

"सेंटिमीटर. किलोचं नंतर बघू."

अमेरिकेत म्हणे पुरुषाच्या कंबरेला १०२ सेंटिमीटरपर्यंत माफी आहे. आपल्याकडे हद्द ९० ची. म्हणजे माझं पोट अमेरिकेत निर्दोष होतं, फक्त व्हिसा नव्हता.

मग डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला आणि परीक्षेचं स्वरूप सांगितलं. विषय पाच. कंबर ९० किंवा वर. ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी १५० किंवा वर. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. रक्तदाब १३०/८५ किंवा वर. आणि चांगलं कोलेस्ट्रॉल ४० च्या खाली. पाचांपैकी तिनांत सापडलात की मेटाबॉलिक सिंड्रोम. मी चारांत सापडलो होतो. रक्तदाब १२८/८४ निघाला, थोडक्यात हुकला.

"चांगलं तेवढंच कमी निघालं का हो?" सौ.ने विचारलं.

"हो. चांगलं कमी आहे."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. ही माहिती तिला लग्नापासून होती, आता लॅबचा शिक्का मिळाला.

खरं सांगतो, नावाने मी भारावलो. मोंढ्यात सगळ्यांना शुगर असते, बीपी असतं, नाहीच काही तर गॅस असतो. मेटाबॉलिक सिंड्रोम कुणालाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, १९८८ साली जेराल्ड रीव्हन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी या सगळ्या गोतावळ्याला 'सिंड्रोम एक्स' म्हटलं होतं. मुळाशी एकच भानगड: शरीरात इन्सुलिन असतं, पण पेशी त्याचं ऐकत नाहीत. मग ते आणखी मोठ्याने ओरडतं, तरी ऐकत नाहीत.

"म्हणजे घरात बाप आहे, पण त्याला कोणी विचारत नाही," मी म्हणालो.

"तसंच. पण चालायला लागलात की स्नायू इन्सुलिनच्या हुकमाची वाट बघत नाहीत. रक्तातली साखर स्वतःच उचलून घेतात."

"कमावतं पोरगं स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतं, तसं."

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहून दिली.

पुढच्या वेळी सोबतीला मोंढ्यातले एक तूरवाले स्नेही आले. हडकुळे आहेत. माझ्या पोटावर गेली वीस वर्षं कोट्या करून त्यांची उपजीविका नाही तरी करमणूक चालते. डॉक्टरांपुढेही त्यांनी एक कोटी केली. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर एक फोटो काढून दाखवला: दोन सडपातळ डॉक्टर शेजारी शेजारी, एक इंग्रज आणि एक आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. दोघांचा बीएमआय २२.३, तंतोतंत. अंगातली चरबी मात्र इंग्रजाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी हे स्वतःवरच छापून आणलं. भारतीय माणूस वरून वाळका दिसतो आणि आतून तुपातला असतो, असा त्याचा मथितार्थ. स्नेही गप्प झाले. जाताना लॅबच्या दारात घुटमळले. संध्याकाळी कळलं, त्यांना पाचपैकी तीन. मी अजूनही एका मार्काने पुढे आहे.

आता व्यायाम. डॉक्टर म्हणाले, जर्मनीत वुल्फ्सबर्ग इथल्या फोक्सवॅगनच्या कारखान्यात तीनशेच्या वर कामगारांवर प्रयोग झाला. सगळे आपल्याच पंथातले, मेटाबॉलिक सिंड्रोमवाले. निम्म्यांच्या मनगटावर घड्याळ बांधलं, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम लावून दिला आणि घड्याळातली माहिती बघून तज्ज्ञ लांबूनच सल्ला देत राहिले. उरलेल्या निम्म्यांना सांगितलं, तुम्ही सहा महिने थांबा.

"मला त्या थांबणाऱ्यांत टाका," मी म्हणालो.

"पहिल्या गटाचा सिंड्रोम उतरला. वर कामाची उमेदही वाढली."

ही शेवटची गोष्ट मी शेठजींना सांगायला नको होती. "उमेद वाढती का? मग घ्या की घड्याळ," ते म्हणाले. पैसे देतो असं नाही म्हणाले.

पैसे चिरंजीवांनी दिले. ते हिंजवडीत असतात, संगणकात काहीतरी चढवतात आणि उतरवतात. आठ दिवसांत कुरियरने डबी आली आणि व्हिडिओ कॉलवर प्रतिष्ठापना झाली. घड्याळाने जन्मतारीख विचारली, उंची विचारली. वजन विचारल्यावर मी पाच किलो कमी सांगितलं, मागून सौ.ने ते परत चढवलं. २२० मधून वय वजा केलं की हृदयाची कमाल गती निघते. माझी १६६ निघाली. मनगटाखाली हिरवा दिवा लुकलुकायला लागला. रक्त हिरवा प्रकाश पिऊन टाकतं, ठोक्यागणिक किती पिलं यावरून नाडी कळते, असं चिरंजीव म्हणाले. आमच्या आजोबांच्या काळी वैद्य नाडी बघताना निदान चहा तरी घ्यायचे.

"बाबा, आता मला इथून सगळं दिसणार," चिरंजीव म्हणाले.

"सगळं म्हणजे?"

"सगळं."

सगळं म्हणजे काय ते तिसऱ्या रात्री कळलं. सकाळी सहाला फोन. "बाबा, रात्री ११:४० ला तुमचा पल्स ११८ होता. काय करत होता?" काय सांगणार? अंधारात, चपलेचा आवाज न करता, स्टुलावर चढून फडताळातल्या वरच्या डब्यापर्यंत हात पोचवायचा, झाकण वाजू द्यायचं नाही आणि सौ. कूस बदलते का याकडे कान ठेवायचा. पल्स वाढणारच. तो शेंगदाण्याचा लाडू मी व्यायाम करून कमावला होता असं माझं प्रामाणिक मत आहे.

दर रविवारी सकाळी चिरंजीवांकडून रिपोर्ट यायचा. पावलं, झोप, नाडी, लाल-हिरव्या रेघा. मला एकदम त्यांचं सातवीचं प्रगतिपुस्तक आठवलं. त्या वर्षी सहामाहीत गणितात लाल रेघ आली, तेव्हा या गृहस्थांनी पालकाच्या जागी माझी सही स्वतःच ठोकून दिली होती. मी पकडली होती. त्याचा सूड चौदा वर्षांनी कुरियरने येईल असं वाटलं नव्हतं.

घड्याळाला प्रसंगाचं भान नसतं, हा त्याचा मुख्य दोष. दर तासाला ते थरथरतं आणि उठा म्हणतं. शेतकरी पट्टी घ्यायला समोर बसलाय, कापसाचा हिशेब चाललाय आणि मी एकदम उभा राहतो. शेतकऱ्याला वाटतं, मुनीमजी भाव पाडून उठून चालले. एका आप्तांच्या दहाव्याला नदीवर सगळे कावळ्याची वाट बघत होते. कावळा येईना. मी अस्वस्थ होऊन काठाने येरझाऱ्या घालत होतो. कावळा उतरला, सगळ्यांनी हात जोडले आणि नेमकं त्याच क्षणी माझ्या मनगटावर रंगीत फटाके फुटून अभिनंदन झळकलं. गेलेल्यांचे थोरले चिरंजीव माझ्याकडे बराच वेळ बघत होते. ते अजून नीट बोलत नाहीत.

सकाळचं चालणं मोती तलावाच्या काठी सुरू केलं. तिथे निम्मा गाव घड्याळ बांधून येतो. पूर्वी माणसं राम राम म्हणायची, आता मनगट वर करून विचारतात, "कितीवर आलात?" मी पहिल्या दिवशी ३,१०० वर आलो आणि कचोरीच्या गाडीवर थांबलो. घड्याळाच्या हिशेबाने एवढ्या चालण्यात किती कॅलरी जळाल्या आणि समोरच्या कचोरीत किती भरल्यात, याचा ताळेबंद मी धंद्याच्या सवयीने मांडून पाहिला. खर्चाची बाजू जमेच्या पासंगाला पुरत नव्हती. अशी खातेवही शेठजींना दाखवली असती तर त्यांनी दुकानाला कुलूप लावलं असतं. पण ज्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना बियाण्यांच्या कामासाठी १९९८ साली वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, त्या जालन्यात राहून मी अन्नाकडे पाठ फिरवायची म्हणजे गावाशी बेइमानी. दोन कचोऱ्या घेतल्या. हायब्रिड बियाण्याचं गाव आहे हे, पोटही तसंच झालं: कमी पाण्यात जोमदार वाढ. सगळ्या महाराष्ट्राच्या स्लॅबांना जालना सळई पुरवतं, माझ्या पाठीच्या कण्यात तेवढी घालायची राहिली.

रोज १०,००० पावलं चालायची, हा चिरंजीवांचा आग्रह. दहाच हजार का? नऊ हजार सातशे का नाहीत? मोती तलावावरच्या एका निवृत्त मास्तरांनी खुलासा केला. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानी लोकांना व्यायामाचं वेड लागलं आणि १९६५ साली तिथल्या एका घड्याळ कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. नाव 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, तोंडात बसायला बरा होता, तोच जगाने उचलला. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या जपानी जाहिरातीपायी मी भल्या पहाटे तलावाला प्रदक्षिणा घालत होतो. हे मी चिरंजीवांना मोठ्या आनंदाने कळवलं. "ठीक आहे बाबा, आठ हजार करा," ते म्हणाले. मी त्या आठवड्यात रोज तीन हजार करत होतो, त्यामुळे या सवलतीचा मला प्रत्यक्ष लाभ काही झाला नाही.

मध्ये सासरवाडीला जाणं झालं. आमची सासरवाडी घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थच्या वाटेवर. सासरे ऐंशीच्या घरात, काठीसारखे ताठ. माझं घड्याळ त्यांनी दोन बोटांत धरून बघितलं, कणसावरची अळी बघावी तसं.

"समर्थ इथले," ते म्हणाले. "१६०८ चा जन्म. रोज बाराशे नमस्कार घालायचे, असं सांगतात. मोजायला कोण होतं?"

मला काही सुचलं नाही. तसं बघितलं तर बोहल्यावर 'सावधान' ऐकून बारा वर्षांच्या मुलाने आसनगावच्या मांडवातून जी धूम ठोकली आणि पुढे थेट नाशिक गाठलं, तीच या जिल्ह्यातली आजवरची सर्वांत लांब आणि सर्वांत परिणामकारक धाव. दोनशेच्या वर किलोमीटर. कुठल्याही ॲपवर नोंद नाही. 'सावधान' तर मीही ऐकलं होतं. माझं लक्ष तेव्हा पंगतीकडे होतं.

सासऱ्यांचं बोलणं मनाला लागलं. घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात सूर्यनमस्काराला उभा राहिलो. पहिला कसाबसा झाला. दुसऱ्यात साष्टांग घातला तो घातलाच, उठायला उशीर झाला. तिसऱ्यात हातांनी जमीन चाचपडत असताना घड्याळ थरथरलं आणि त्याने विचारलं, तुम्ही पोहताय का? पोहण्याची नोंद करू का?

पोहतोय! जालन्यात! ज्या गावात नळाला पाणी यायचा दिवस सणासारखा कॅलेंडरवर लिहून ठेवतात तिथे! सौ. ओसरीवरून बघत होती. ती म्हणाली, "२०१३ च्या दुष्काळात टँकर आला की दोन हंडे घेऊन मी गल्लीच्या टोकापर्यंत पळायची. तेव्हा कुणी मोजलं नाही ते?" घड्याळाकडे याचं उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. मी तेव्हा दुकानात असायचो.

आता गैरव्यवहाराकडे वळतो. मोंढ्यात तीस वर्षं वह्या लिहिलेल्या माणसाला कोणत्याही हिशेबात फट कुठे आहे ते वासाने कळतं. या घड्याळाची फट अशी, की ते पाय मोजतच नाही. आत नखाएवढं यंत्र असतं, ते हाताचे झोके मोजतं आणि पावलं समजतं. भाजीच्या दोन पिशव्या दोन हातांत घेऊन तुम्ही घरापर्यंत आलात तर पावलांत हातचं राखतं. जागेवर बसून हात हलवलात तर सढळ हाताने देतं. हा शोध मला गल्लीतल्या हरिनाम सप्ताहात लागला. काकड्याला टाळ घेऊन बसलो. तासाभराने मनगटाकडे बघतो तो ३,२०० पावलं! हरिनाम झालं, व्यायाम झाला, मांडी मोडली नाही. सात दिवस मी एकही काकडा, एकही हरिपाठ चुकवला नाही. महाराजांनी काल्याच्या कीर्तनात माझ्याकडे बोट दाखवून, माणसाला उतारवयात उपरती कशी होते ते सांगितलं. शेजारणी सौ.ला म्हणाल्या, "भाऊजींच्या त्या सिलिंडरनं त्यांना देवमार्गाला लावलं बघा." माझ्या आजाराचं नाव गल्लीत शेवटपर्यंत सिलिंडरच राहिलं. आकाराने तेही चुकीचं नाही.

सप्ताह संपला आणि उत्पन्न बंद पडलं. मग माझी नजर आमच्या दुकानातल्या हमालाकडे गेली.

साठीला आलेला गडी. पाठीवर पन्नास किलोचं पोतं घेतो आणि फळीवरून ट्रकवर असा चढतो, की आपल्याला जिना चढताना लाज वाटावी. पोट नावाची वस्तू नाही, धोतराला पट्टा लागत नाही. मी घड्याळ काढून त्याच्या मनगटावर बांधलं.

"मुनीमजी, हे हिरवं काय लुकलुक करू राहिलं?"

"नाडी बघतंय तुझी."

"मले काय झालं?"

"तुला काही नाही. मला झालंय."

त्याने मान डोलावली. मोंढ्यात एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर टाकण्यात कुणालाच नवल वाटत नाही.

त्या संध्याकाळी २६,४०० पावलं भरली. दुसऱ्या दिवशी तुरीची आवक होती, ३१,०००. आठवडाभर तो दुकान बंद होईपर्यंत घड्याळ वागवायचा, जेवणानंतर थप्पीच्या सावलीत अर्धा तास झोपायचासुद्धा त्यातच, आणि संध्याकाळी मी ते घामेजलेलं घरी घेऊन जायचो. रविवारचा रिपोर्ट आला तो सगळा हिरवागार. विश्रांतीतली नाडी ५४. घड्याळाने माझ्या शरीराचं वय एकतीस ठरवलं. चिरंजीवांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा आणि फुलांचा पाऊस पडला. परतूरचे मेहुणे कधी फोन करत नाहीत, ते प्रत्यक्ष आले आणि माझ्या पोटाकडे बघत विचारायला लागले, "भाऊजी, नेमकं काय करता?" पोट जिथल्या तिथे होतं. "हे बाहेरून दिसत नाही, आतून होतं," मी म्हणालो. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

हमालाला एका दुपारी घड्याळाने फटाके फोडून दाखवले. तो पोतं टेकवून बराच वेळ त्या डबीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चाळीस साल झाले पोते उचलू उचलू. कोणी टाळी नाही वाजवली. या डबड्यानं वाजवली." आणि थोड्या वेळाने, "मुनीमजी, पावलाचे काही भेटते का?"

"काही नाही."

"मग पोत्याचंच बरं हाय," असं म्हणून त्याने पोतं उचललं.

पकडला गेलो तो व्हिडिओ कॉलवर. दुपारी अडीचला चिरंजीवांचा फोन आला, मी गादीवर टेकून घेतला. दोन मिनिटं इकडचं-तिकडचं झालं.

"बाबा, आत्ता तुमचा पल्स १३८ आहे."

"असेल. चालतोय."

"तुम्ही लोडाला टेकून बसलायत. मला दिसताय. डावा हात दाखवा."

मी उजवा दाखवला.

"डावा, बाबा."

मागे ट्रकवर कुणीतरी माझ्या नावाने धाडधाड पावलं टाकत होतं. मी शेवटचा हुकमी पत्ता काढला, "सातवीत तू माझी सही केली होतीस."

"हो. आणि तुम्ही पकडली होती. कशी पकडली ते आठवतं? तुम्ही म्हणाला होता, माझी सही इतकी चांगली कधीच नसते."

"मग?"

"तुमची चालही इतकी चांगली कधीच नसते, बाबा."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. प्रायश्चित्त म्हणून अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी जायचं कबूल केलं. जालन्याहून पंचवीसेक किलोमीटर. अंगारकीच्या आदल्या रात्री सगळा रस्ता माणसांनी फुललेला असतो; पोरंसोरं, म्हाताऱ्या, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, अनवाणी चालणारे. या वेळी घड्याळ माझ्याच हातावर होतं आणि पायही माझेच होते. पहिले पाच किलोमीटर सुरेख गेले. अडचण एवढीच, की या रस्त्यावर भाविक मंडळी जागोजागी मंडप टाकून चालणाऱ्यांना फराळ वाटतात आणि नाही म्हणू देत नाहीत. साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचा लाडू, चहा. पुढच्या मंडपात पुन्हा खिचडी. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं हे मला सांगावं लागत नाही. अकराव्या किलोमीटरला डाव्या टाचेला फोड आला, बाराव्याला उजव्या, आणि तेव्हाच गणपतीच्या कृपेने एक ओळखीचा टेम्पो शेजारी थांबला. घड्याळ भाबडं. त्याला वाटलं मी पळतोय. ताशी चाळीसच्या वेगाने. त्याने माझे आजवरचे सगळे विक्रम मोडल्याचं जाहीर केलं आणि फटाके फोडले. टेम्पोतल्या बायांनी हात जोडले; त्यांना वाटलं, राजूर आलं.

हे चिरंजीवांना मी आपणहून सांगितलं. बारा किलोमीटर खरे, बाकीचे टेम्पोचे. ते हसले. वजन सहाशे ग्रॅमने वाढलं होतं, ते मात्र सौ.ने सांगितलं.

मग एक दिवस शेजारची नववीतली पोरगी घरी आली होती. ती माझा मोबाइल चाळत म्हणाली, "काका, यात दादाचं पण दिसतं की. त्यानं दोघांचं जोडून ठेवलंय."

"दादाचं म्हणजे?"

तिने एक बोट डावीकडे सरकवलं. पडद्यावर चिरंजीव. सोमवार, ९४२ पावलं. मंगळवार, १,१०३. बुधवार, ८१७. झोप: रात्री २:५० ते सकाळी ७:१०. विश्रांतीतली नाडी ८८. वय वर्षं सव्वीस. शरीराचं वय घड्याळाने एकेचाळीस लावलं होतं. बापाच्या मनगटावर पुण्याहून पहारा ठेवणारा गडी खुर्चीतून उठत नव्हता. मी वही काढली आणि महिनाभराचं सगळं उतरवून घेतलं, तारीखवार. सौ.ने डोकावून बघितलं. तिने काही न बोलता धपाट्यांचं पीठ भिजवायला घेतलं. पार्सल पाठवायचं म्हणाली, मग थांबली आणि म्हणाली, "नको. ते पण मोजत असंल कुठंतरी."

रविवारी त्यांचा रिपोर्ट यायच्या आधी माझा गेला. कागदावर लाल पेनने रकाने आखले, फोटो काढून पाठवला. हजेरी: खुर्चीत शंभर टक्के. चालणे: अनुत्तीर्ण. झोप: सुधारणा आवश्यक. शेरा: पाल्य हुशार आहे, पण घरच्यांनी लक्ष द्यावे. खाली पालकाच्या जागी माझी सही, नेहमीसारखी वाकडी.

बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं. मग आलं, "ठीक आहे बाबा. सोमवारपासून."

सोमवारी चिरंजीवांची पावलं ९,८००. मंगळवारी १२,३००. बुधवारी १४,१५०, आणि त्यातली बरीचशी रात्री बारा ते पहाटे पाच या वेळात, दर अर्ध्या तासाला एक चक्कर, घड्याळाच्या काट्यासारखी. विश्रांतीतली नाडी ६१. गुरुवारी रात्री मी फोन लावला.

"अरे, तुझी चाल इतकी चांगली कधीच नसते."

पलीकडे शांतता.

"कोण आहे? डिलिव्हरीवाला?"

"नाही बाबा," चिरंजीव हळूच म्हणाले. "सोसायटीचा वॉचमन."